शिसवीचे चार पाय

"तांबडे, ह्या बाईला सांग, मधल्या खोलीत मी झाडलोट करनार न्हाई."

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शालन हे कोंबडीला म्हणाली. कोंबडी उंबऱ्यावर, मी चुलीपुढं, मध्ये चार हातांचं अंतर. पोरगी पंधरा वर्षांची, दोन वेण्या, हातात केरसुणी आणि नजर कोंबडीच्या शेपटीवर. माझ्याकडं तिनं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

मीही काही गरीब गाय नव्हते. चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाले, "तांबडे, ह्या पोरीला सांग, मधली खोली माझी हाय, मीच झाडीन. तिनं आपलं तोंड धुवून घ्यावं, च्या निवायलाय."

तिनं चहा घेतला नाही. परड्याच्या दारानं निघून गेली आणि कोंबडीही तिच्या मागं गेली. तेव्हापासून आमच्या घरातलं सगळं बोलणं त्या कोंबडीच्या पाठीवरून चाललं. मीठ संपलंय, पाणी भरायचंय, तुझ्या बापाला जेवायला हाक मार, सगळं तांबडीला सांगायचं. बिचारी अंडी कधी घालायची कोण जाणे.

माझं नाव सगुणा. पहिला नवरा वारल्यावर सहा वर्षं भावाच्या घरी राबले. एकतिसाव्या वर्षी आजऱ्याकडच्या गुंडू सुताराशी माझं म्होतूर लागलं. विधवेचं दुसरं लग्न ते, त्याला ना मांडव ना वाजंत्री. चार माणसं, एक नारळ, झालं. माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवताना भाऊ म्हणाला, "आता हिकडची वाट इसर, सगुणे." म्हणजे मागं दार बंद. हे घर टिकलं तर मी टिकणार होते, नाहीतर मला पाय टेकायला जागा नव्हती. हे मला ठाऊक होतं, गुंडूला ठाऊक होतं आणि त्या पोरीलाही पक्कं ठाऊक होतं.

गुंडू म्हणजे माझा नवरा. नाव घेते, उखाणा घालत नाही. आता ह्या वयात कुणाची भीती. माणूस हाताचा सोन्यासारखा, तोंडाचा मुका. त्यानं माझ्यासाठी नवा पलंग केला होता. मधल्या खोलीत तो पलंग बघितला आणि माझा जीव सुपाएवढा झाला. वरची चौकट फणसाच्या पिवळ्या लाकडाची आणि चारी पाय काळे, त्यात जांभळी रेघ, हात फिरवला तर लोण्यासारखे. पहिल्या घरी मी जमिनीवर निजले, भावाकडं चुलीपाशी. एवढ्या वर्षांत कुणी माझ्यासाठी काही घडवलं नव्हतं. मी आल्यागेल्या बायकांना हाताला धरून आत नेऊन तो पलंग दाखवायची. बायका बघायच्या आणि एकमेकींकडं बघायच्या. मला वाटायचं, जळतायत.

तिसऱ्या दिवशी जळण फोडायला मी परड्यात गेले. घरामागं चांगलं ऐसपैस परडं होतं आणि मधोमध गुडघाभर उंचीचा एक बुंधा होता, मांडीएवढा जाड. त्याच्या कडेला दोन कोवळे फुटवे आले होते, वीतभर, गोल गोल पानांचे. लाकूड ठेवायला ते आडवे येत होते. कोयत्यानं सपकन छाटले, वरचा भाग साफ केला आणि बुंध्यावर ठेवून जळण फोडायला लागले. छान बैठक मिळाली म्हणून मनात खूषसुद्धा झाले.

शालन ओढ्यावरून धुणं घेऊन आली. बुट्टी तशीच खाली ठेवली. ते दोन फुटवे मातीतून उचलले, परकराच्या ओच्यात घातले. मग मी फोडलेली ढलपी एकेक करून कुंपणापलीकडं ओढ्यात फेकायला लागली. मी ओरडले, हात धरला, तिनं हिसडा दिला. सगळं जळण पाण्यात गेलं तेव्हाच थांबली.

दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी बापाच्या पुढ्यात उभी राहिली आणि कोंबडीबिंबडी न घेता सरळ म्हणाली, "बाबा, घरात ही ऱ्हाईल न्हाईतर मी. मामाला पत्र घाला."

शेजारच्या चिमाकाकूकडं मी त्या दिवशी तांदूळ पाखडायला बसले होते. म्हटलं, दोन काटक्या छाटल्या तर पोरीनं घर डोक्यावर घेतलंय. चिमाकाकूनं सूप बाजूला ठेवलं.

"तुला कुनी सांगितलं न्हाई व्हय? अगं, हौसाचं झाड ते."

हौसा म्हणजे गुंडूची पहिली बायको, शालनची आई. दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेली. तिचं माहेर आंबोलीच्या खालच्या अंगाला, रानाच्या तोंडाशी. लग्न होऊन आली तेव्हा ओटीत शिसवीचं बोटभर रोप घेऊन आली. सासूनं विचारलं, हे गं काय. तर म्हणाली, सुताराच्या घरात लाकूड येतंय, झाड कधी येत न्हाई, म्हनून मी झाड आनलं. अठरा वर्षं तिनं ते परड्यात वाढवलं. शालनचा पाळणा त्याच्याखाली टांगला. आणि गेल्या माघात गुंडूनं ते तोडलं.

"कशाला?" मी विचारलं.

"आता तूच बघ की. वीस वर्सांची शिसव म्हंजी पोर. तिच्यात काळा गाभा असून असून किती असनार, मनगटाएवढा. त्यात पलंगाचे चार पाय निघाले. पोरीला वाटलं, बुंधा तरी फुटंल. फागुनापास्नं तांब्या तांब्या पानी घालत हुती ती त्या फुटव्यास्नी."

मी उठले. घरी येऊन मधल्या खोलीत खाली बसले आणि पलंगाचे ते चार पाय बघितले. त्यांवरनं मी किती हात फिरवला होता. आल्यागेल्या बायकांना दाखवत होते. त्या एकमेकींकडं का बघायच्या ते आता कळलं. लाजेनं आणि संतापानं माझ्या अंगाची लाही झाली.

गुंडू पडवीत रंधा मारत होता. मी समोर जाऊन उभी राहिले.

"हौसाचं झाड कशाला तोडलंसा?"

तो रंध्याचं पातं निरखत बसला. मग म्हणाला, "परड्यात गेलं की ती उभी हाय असं वाटायचं."

"म्हनून तोडलंसा."

"म्हनून तोडलं. मग जाळू वाटंना."

"जाळू वाटंना म्हनून माझ्या अंगाखाली घातलंसा. व्हय? वर मला निजवलंसा आनी खाली तिला चार पायांवर उभी केलीसा."

तो रंध्याचं पातं ठोकायला लागला. मी माझी वाकळ उचलली आणि चुलीपाशी नेऊन टाकली. पुन्हा म्हणून त्या पलंगावर निजले नाही. तीनचार दिवसांनी तोही पडवीत झोपायला लागला. पलंगावर गोधड्यांची चळत राहिली. लाकूड पुरतं वाळायच्या आत सुतारकाम केलेलं, त्यामुळं नुसत्या गोधड्यांच्या भारानंही तो कुरकुरायचा.

पडवीत झोपायला जाताजाता गुंडूनं मला एवढं मात्र सांगितलं, "दिवाळीला पोरीचा मामा संतू येईल तिला भेटाया. तवर तुमचं दोघींचं जमलं तर बरं. पोरीला मी घालवू शकत न्हाई."

म्हणजे मला घालवू शकत होता. दिवाळीपर्यंत साडेपाच महिने.

आता खरं सांगते. मला त्या पोरीची दया आली म्हणून मी काही केलं नाही. मला तिचा रागच होता. झाड बापानं तोडलं, बापाला एक शब्द नाही आणि वड्याचं तेल सगळं वांग्यावर. पण फुटवे माझ्या कोयत्यानं गेले होते हे खरं होतं. म्हटलं, हिचं झाड हिच्या पदरात टाकायचं आणि हिचं तोंड बंद करायचं. मग बघू मामा आला तर काय सांगते ते.

तोडलेल्या शिसवीच्या फांद्या परड्याच्या कुंपणाला लावल्या होत्या. त्यांच्या शेंड्यांना चपट्या तपकिरी शेंगा अजून लोंबत होत्या, कागदासारख्या पातळ, आत एकदोन बिया. सगळ्या ओरबाडून काढल्या. एकही ठेवली नाही. डालड्याचे अकरा डबे जमवले, तळाला खिळ्यानं भोकं पाडली. पडवीत भुशाचा ढीग होताच. माझ्या माहेरी भाऊ आंब्याच्या नि फणसाच्या लाकडाचं काम करायचा, त्या भुशात भोपळ्याचा वेल घरावर चढायचा. म्हटलं, मऊ असतं, पाणी धरून ठेवतं, बी लवकर फुटेल. ढिगातला काळपट, बारीक, वासाचा भुसा घेतला. डबे भरले, बिया पेरल्या आणि ओळीनं वळचणीच्या आत मांडले.

शालन दारात उभी राहून बघत होती. मी म्हटलं, "तांबडे, तुझ्या मालकिनीला सांग, अकरा शिसवी लावल्यात. एक काय, रान करून देते."

तिनं तांबडीला उचलून काखेत घेतलं. पण ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मला वाटलं, विरघळली.

रोज सकाळी मी त्या डब्यांना पाणी घालायची. पाऊस सुरू झाला, चिमाकाकूच्या कुंपणावर घोसाळी चढली, ओढ्याकाठी हिरवंगार झालं. माझे डबे मात्र काळे ते काळेच. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. बोट घालून बघावं तर बी जसंच्या तसं, कुठं बुळबुळीत झालेलं. शालन रोज तिथूनच शाळेत जायची. डब्यांशी थांबायची, वाकून बघायची आणि जायची. दोन महिने.

नागपंचमीच्या सकाळी बायकांबरोबर वारुळाला दूध-लाह्या घालून आले आणि हात धुवायच्या आधी डब्यांना पाणी घालायला बसले. शालन पायरीवर बसून तांबडीला लाह्या टाकत होती.

"तांबडे," ती म्हणाली, "शिसवीच्या भुशात वाळवीसुद्धा जगत न्हाई, बी कुठनं उगवायचं? सुताराच्या घरातल्या मांजराला ठावं हाय हे."

माझ्या हातातला तांब्या थांबला. "काय म्हनालीस?"

"बाबा ह्यो भुसा वाटंवर टाकत्यात. गवत येऊ नये म्हनून."

"तुला पहिल्या दिवसापास्नं ठावं हुतं?"

ती लाह्या टाकत राहिली.

"अगं, तुझ्या आईच्या झाडाचं बी हुतं ते. शेवटचं. एक शेंग उरली न्हाई आता. मग सांगितलं का न्हाईस?"

तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. डोळे कोरडे होते. "तुमच्या हातचं उगवलेलं मला नको हुतं," ती म्हणाली.

काय झालं मला ते अजून नीट सांगता येत नाही. डोकं सणकलं. भाऊ, भावजय, मुका नवरा, दिवाळी आणि दोन महिने माझी फजिती बघत बसलेली ही कार्टी, सगळं एकदम अंगावर आलं. अकराच्या अकरा डबे लाथेनं उडवले. पडवीतून कुदळ आणली, कुऱ्हाड आणली आणि परड्यात गेले. म्हटलं, हा बुंधाच उपटून टाकते. ह्या घरात मी तरी राहीन नाहीतर ही हौसा तरी.

नागपंचमीला भुई खणायची नाही, कापायचं नाही, चिरायचं नाही. लहान लेकरालाही ठाऊक असतं. त्या दिवशी घरात विळी उभी करत नाहीत, तवा चढवत नाहीत, नांगर जागचा हलवत नाहीत. आणि मी भर दिवसा परड्यात कुदळ घालत होते. चिमाकाकू कुंपणाशी धावत आली.

"अगं बाई, आज भुई खनत्यात व्हय? नाग दुखावंल."

"त्याला सांगा, माझ्यापुढं येऊ नको म्हनावं आज."

चिमाकाकूनं तोंडावर पदर धरला आणि गेली. तासाभरात गावाला कळलं.

माती पावसानं भिजलेली, कुदळ खोल जायची. बुंध्याच्या भोवतीनं दोन हातांवर चर खणला. मुळं लागली की कुऱ्हाड. करंगळीएवढी, अंगठ्याएवढी, मनगटाएवढी मुळं, आत पिवळी, त्यांचा गोड वास सुटायचा आणि माझा राग आणखी चढायचा. गुंडू आला, "अगं सोड, कुजंल तो आपोआप," म्हणाला. मी कुऱ्हाड उगारूनच त्याच्याकडं वळले, तसा तो मागं सरला. शालन परड्याच्या दारात उभी होती. ती अडवायला आली नाही, रडलीही नाही. नुसती बघत राहिली.

दिवस कलला तरी बुंधा हलला नाही. खाली मधोमध एक मूळ सरळ पाताळात गेलेलं असावं. माझ्या दोन्ही तळहातांची कातडी गेली. कुऱ्हाड तिथंच टाकली आणि चुलीपाशी जाऊन पडले. चर तसाच उघडा राहिला.

त्यानंतर गावानं मला वाळीतच टाकलं म्हणा ना. गौरीच्या झिम्म्याला कुणी बोलावलं नाही. पाणवठ्यावर मी गेले की घागरी बाजूला सरकायच्या. गणपतीत गुंडूला चार दिवस ताप आला, तोही माझ्याच माथी. बायका तोंडावर म्हणायच्या, नाग दुखावलाय, पहिलं झाड गेलं, आता सुतार जातोय. गुंडू बरा झाला तरी बोलणं काही थांबलं नाही. मी ट्रंक काढून पुसून ठेवली. दिवाळीनंतर कुठं जायचं ते मात्र ठरत नव्हतं. कोल्हापुरात कुणाच्या घरी स्वयंपाकाला राहावं, एवढंच डोक्यात होतं.

भादवा संपत आला होता. मी पडवीत भात पाखडत होते. परड्यातून आवाज आला, "ओ."

इकडंतिकडं बघितलं. तांबडी तर माझ्या पायाशीच होती.

"ओ, हिकडं या जरा."

शालन चराच्या कडेला गुडघ्यावर बसली होती. मी जवळ गेले, तर तिनं बोट केलं. चराच्या बाहेरच्या भिंतीतून, तुटलेल्या मुळांच्या टोकांशी, पोपटी रंगाचं काही वर आलं होतं. गोल पानं. एक तिथं, एक त्याच्या पलीकडं, एक पार कुंपणाच्या बाजूला. मी मोजली, सात होती. बुंधा काळा पडला होता, त्याला काही नव्हतं. फूट होती ती बुंध्यापासून तोडलेल्या मुळांना.

दोघी कितीतरी वेळ बघत बसलो. मग ती म्हणाली, "माझ्या आईनं पाठवल्यात. तुमचा ह्यात काय संबंध न्हाई."

"न्हाई तर न्हाई," मी म्हटलं. "चिमाकाकूच्या शेळीला तेवढं सांगून ठेव."

मी उठले, बोरीच्या काट्या तोडून आणल्या आणि सातही फुटींना गोल कुंपण करून दिलं. ती हात बांधून उभी राहिली. पाणी तिनं घालायचं, काट्या मी बघायच्या, हे न ठरवता ठरलं. एकदा मी तांब्या उचलला तर तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला. बोलणं पुन्हा तांबडीकडून सुरू झालं. मी मनात म्हटलं, झाड मिळालं हिला, आता मामा आला की आपली ट्रंक उचलायची.

संतूमामा दिवाळीच्या पाडव्याला आला. धिप्पाड माणूस, हौसाचा थोरला भाऊ. चहाची बशी खाली ठेवायच्या आधीच त्यानं विषय काढला. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते.

"दाजी, सगळं कानावर आलंय. नागपंचमीला हिनं हौसाच्या झाडाची मुळं तोडली. मेलेल्या मानसाशी एवढा दावा धरनारी बाई घरात कशी ठेवताय? पोरीला मी नेतो, न्हाईतर हिला लावून द्या. दोनातलं एक बोला."

गुंडू रंधा नसल्यामुळं आपले हातच निरखत होता. "तसं म्हटलं तर..." एवढंच म्हणाला. त्या 'तसं म्हटलं तर'नं मला काय वाटलं ते मी आजही विसरले नाही. मी आत वळले, ट्रंक कुठं आहे ते बघायला लागले.

"मामा," शालनचा आवाज आला. "तोडली म्हनून तर फुटली."

"काय फुटलं?"

"मुळं. मी बोट लावून बघितलंय. जिथं हिची कुऱ्हाड बसली तिथंच फूट हाय. जिथं न्हाई बसली तिथं काय न्हाई. बाबांनी बुंधा ठेवला, त्याला पुन्ना काय आलं न्हाई. मी पानी घालत ऱ्हायले, तरीबी न्हाई."

मामा हसला. "मग काय, आता हिची पूजा करतीस?"

"पूजा कशाला. मला ही आवडत न्हाई." पोरीनं हे अगदी शांतपणानं सांगितलं. "पर माझी शाळा असती. शेळ्या हाकलायला घरात कुनीतरी लागतंय. बाबा तर बघतबी न्हाईत परड्याकडं. ही ऱ्हाऊ दे."

मामानं गुंडूकडं बघितलं, गुंडूनं मामाकडं. मी ट्रंक पुन्हा फळीवर सरकवली. घाईत ती भिंतीला आपटली. बाहेर तिघांनाही ऐकू गेलं असणार.

असं मला त्या घरात ठेवून घेतलं, शेळ्या हाकलायला. मी रागावले नाही. दार उघडं राहिलं, मला तेवढं पुष्कळ होतं. सातांतल्या चार फुटी जगल्या. तांबडी पुढच्या उन्हाळ्यात मेली. तेव्हापासून शालनला माझ्याशी सरळ बोलावं लागलं, त्याचा तिला त्रास व्हायचा ते दिसायचं. कमीत कमी शब्दांत भागवायची.

तीन वर्षांनी तिचं लग्न ठरलं, गारगोटीकडच्या सुताराच्या घरी. मुहूर्त माघातला होता. त्याच्या आधीच्या पावसाळ्याच्या तोंडाशी एक दिवस तिनं कुऱ्हाड आणून माझ्या हातात दिली आणि परड्यात घेऊन गेली. पायाच्या अंगठ्यानं जागा दाखवली.

"हितं एक घाव घाला."

"तू घाल की. तुझं झाड."

"मला जमत न्हाई. तुम्हाला जमतंय."

हा टोमणा होता की काय होतं, मी विचार केला नाही. माती उकरली, मूळ सापडलं, एकाच घावात तोडलं. गणपतीपर्यंत तिथं फूट आली. दसऱ्यानंतर तिनं ती मुळाच्या तुकड्यासकट खणून काढली आणि डालड्याच्या डब्यात लावली. मी जवळून जात होते तर मान वर न करता म्हणाली, "माती हाय. भुसा न्हाई." तेव्हा मात्र मला हसू आलं. तिलाही आलं असावं, पण तिनं तोंड फिरवलं.

लग्नाच्या दिवशी पहाटेच्या गडबडीत मी पाहुण्यांसाठी पाणी तापवत होते. मधल्या खोलीतून केरसुणीचा आवाज आला. कोण आहे ते बघायला मी आत गेले. हळद लागलेल्या पोरीनं केरसुणी धरायची नसते, पण आत शालन होती. त्या खोलीत चार वर्षांत तिनं पाऊल ठेवलं नव्हतं. हिरवा चुडा भरलेले हात, पदर खोचलेला, आणि ती कोपऱ्याकोपऱ्यातून केर काढत होती. पलंगावरची गोधड्यांची चळत तिनं खाली काढून ठेवली होती.

"अगं, काय करालीस? आज हळदीच्या अंगानं?"

"तुम्ही नागपंचमीला खनलासा नव्हं," ती म्हणाली आणि झाडत राहिली.

केर भरला. पलंगाचे चारही पाय ओल्या फडक्यानं पुसले, एकेक करून, सावकाश. मग त्यातली बरी गोधडी निवडली, झटकली, पलंगावर अंथरली आणि उशाशी हातानं साफ केली. मी दाराला धरून उभी होते.

"निजा आता ह्याच्यावर," ती म्हणाली. "थंडीत जमिनीवर निजून कंबर धरती तुमची. सकाळी उठताना रोज ऐकू येतंय मला."

एवढं बोलून माझ्या अंगाला अंग न लावता बाजूनं निघून गेली. दुपारी टेम्पोत बसली तेव्हा डबा मांडीवर होता आणि दोन्ही हातांनी तिनं तो धरला होता. मला नमस्कार करायचं ती विसरली, किंवा केलाच नाही.

पाहुणे गेले, भांडी झाली, आणि मी चार वर्षांनी त्या पलंगावर आडवी झाले. आधी नुसती बसले, मग हळूच पाय वर घेतले. चार वर्षांत लाकूड पुरतं वाळलं होतं. पलंग कुरकुरला नाही.